थोडेच पाठ, पण पुरते

मा. संपादक,
स. न.

शोधाधारित शिक्षणावर, म्हणजे उत्तर आधी न सांगता ते मुलांना स्वतः शोधायला लावण्याच्या पद्धतीवर, आपण छापलेला लेख आणि त्यावर आलेली वाचकांची पत्रं वाचली. शिक्षकाने तोंड मिटलं की मुलं आपोआप शोध घ्यायला लागतात, असा लेखाचा एकूण सूर होता. पत्रं लिहिणाऱ्यांचे सरळ दोन तट पडलेत. एका तटाला हे सगळं फार आवडलंय. दुसऱ्याचं म्हणणं, खडू-फळ्यावर शिकून आमचं काय बिघडलं? मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे या वादात गप्प बसणं जमेना. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. काटछाट करायचीच झाली तर शेवटचा, परीक्षेविषयीचा भाग तेवढा ठेवा, ही विनंती.

माझं म्हणणं असं. ही पद्धत चांगली आहे, पण महाग आहे. पैशाच्या हिशेबात नव्हे. तिला लागणारं बरंचसं साहित्य घरात सापडतं. ती वेळ खाते आणि शिक्षकाची तयारी खाते. म्हणून वर्षातले मोजकेच पाठ तिच्यासाठी निवडावेत आणि त्या पाठांना हात आखडता न घेता वेळ द्यावा. बाकीचे पाठ नीट समजावून शिकवावेत, त्यात कमीपणा काही नाही. सध्या होतंय ते नेमकं उलट. प्रत्येक पाठात एक ‘कृती’ घुसवायची आणि त्यातली एकही पुरती करायची नाही.

पुरती करायची म्हणजे काय, ते सांगण्यासाठी एक जुनापुराणा प्रयोग घेते. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं उत्तर असं, की ज्योतीने ग्लासातला ऑक्सिजन संपवला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून पाणीही तेवढंच चढलं. मुलं हे वहीत उतरवतात, आकृती काढतात, रंगवतात. कृती झाली, सही झाली.

आता हाच प्रयोग उत्तर न सांगता, पण कुठे बघायचं ते सांगून करू द्या. ग्लास टेकवताना त्याच्या कडेने बुडबुडे निघतात का? पाणी नेमकं कधी चढतं, ज्योत जळत असताना की विझल्यावर? मुलं डोळे ताटलीच्या पातळीला आणून बघतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की पाणी मुख्यतः ज्योत विझता विझता आणि विझल्यानंतर झपाट्याने वर येतं. ऑक्सिजन तर ज्योत जळत होती तेव्हाच कमी होत होता, मग पाणी तेव्हापासूनच हळूहळू का नाही चढलं? पुढे ग्लासाऐवजी रुंद तोंडाची बरणी घ्या आणि तिच्याखाली आधी एक, मग तीन मेणबत्त्या लावून बघा. तीन असताना पाणी जास्त चढतं. बरणी तीच, आतला ऑक्सिजन तेवढाच. मग जास्तीचं पाणी कसल्या जागी आलं?

इथे वर्गात जो गलका होतो, त्याची किंमत मला शंभर आकृत्यांपेक्षा जास्त वाटते. बुडबुडे आठवतात, कुणीतरी म्हणतं की हवा तापून बाहेर गेली असणार, आणि मग गाडी रुळावर येते. ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर पडते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, ज्वलनातली वाफ काचेवर धरते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा आतला ऑक्सिजन पुरता संपलेलाही नसतो, आणि जो वापरला गेला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. एक पंचमांशाचा मेळ बसलाच तर तो योगायोग.

दोन्ही तासांना साहित्य तेच होतं. फरक पडला तो शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः प्रयोग करून, मुलांची नजर कुठे वळवायची ते ठरवून ठेवलं म्हणून. लेखात ज्याला ‘तोंड मिटणं’ म्हटलंय, त्याच्या मागे हे इतकं काम असतं.

माझा स्वतःचा आवडता पाठ बर्फाचा. दोन सारखे ग्लास, दोन्हींत खोलीच्याच तापमानाचं पाणी, एकात मीठ सढळ हाताने विरघळवलेलं. दोन्हींत सारख्याच आकाराचा बर्फाचा खडा सोडायचा. कुठला आधी वितळेल? अंदाज वहीत लिहायचा, सोबत एका वाक्यात कारण, आणि तेही पेनने. पेन्सिल चालणार नाही. ही अट मी कडकपणे पाळते, कारण निकाल दिसला की अख्खा वर्ग ‘मला माहीतच होतं’ म्हणायला लागतो. बहुतेक मुलं मिठाच्या पाण्यावर पैज लावतात. मिठाने बर्फ वितळतो हे कुठेतरी कानावर पडलेलं असतं. मोठ्यांना विचारून बघा, त्यांचंही उत्तर सहसा तेच येतं. आणि मग साध्या पाण्यातला खडा दिसेनासा होतो आणि खारट पाण्यातला आरामात तरंगत असतो.

इथवर हा जादूचा खेळ आहे. बऱ्याच ठिकाणी तो इथेच संपवतात, टाळ्या होतात, आणि त्यालाच शोध म्हणतात. मी इथे विचारते, ‘असं का झालं असेल, आणि तुमचं कारण बरोबर आहे की नाही ते कसं तपासाल?’ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विसरला तर मुलं कारणांचा नुसता ढीग घालतात आणि घंटा होते.

एका वर्षी एका मुलीने टिपलं, की खारट पाण्यात बर्फ जास्त वर तरंगतोय. म्हणजे त्याचा पाण्यात बुडालेला भाग कमी, म्हणून तो हळू वितळतो. निरीक्षण बिनचूक होतं. तिच्या गटाने तपासणीही सुचवली, खारट पाण्यातला खडा चमच्याने दाबून पाण्याखाली धरायचा. धरला, आणि तो खरोखरच लवकर वितळला. गट खूश. मी काहीच बोलले नाही, कारण दुसऱ्या गटासाठी मी खाण्याचा रंग घालून गोठवलेले खडे आणून ठेवले होते.

रंगीत बर्फ साध्या पाण्यात टाकला की रंगाच्या बारीक धारा सरळ तळाकडे जाताना दिसतात. खारट पाण्यात धारा नाहीतच. रंग वरच्या वर थर धरून बसतो. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले की शेवटच्या बाकावरून उठून पोरं पुढे येतात. मग मी पहिल्या गटाला म्हटलं, आता रंगीत खडा दाबून धरा. धरल्यावर रंग खालून वर चढायला लागला. ती मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, मी एक गोष्ट बदलली असं मला वाटलं, पण बदलल्या दोन.’ दाबल्यामुळे बुडालेला भाग वाढला होताच, पण वितळलेलं पाणी कुठे जातं तेही बदललं होतं. तिचं कारण पूर्ण चूक नव्हतं. बुडालेल्या भागाचा फरक तेवढ्या उशिराला पुरत नव्हता. साध्या पाण्यात बर्फाचा दहातला नऊ भाग बुडतो, आमच्या खारट पाण्यात आठेक. एवढ्याशा फरकाने वेळ इतका वाढेल का, हे तिने स्वतःच विचारलं. तिचं ते ‘बदलल्या दोन’चं वाक्य मी फळ्यावर लिहिलं नाही, पण टाचणवहीत लिहून ठेवलंय.

मागून कुणीतरी विचारलं, मीठच कशाला, साखर घालून बघू या. साखरेच्या घट्ट पाण्यातही बर्फ रेंगाळला. म्हणजे मिठाचा काही खास गुण नव्हता, पाणी जड असण्याचा प्रश्न होता. मग ढवळून पाहिलं, तर साध्या पाण्याची आघाडी राहिली नाही. आता मुलांच्या हातात सगळे तुकडे होते, आणि तेव्हा मी फळ्यापाशी जाऊन सरळ शिकवलं: साध्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी भोवतालच्या कोमट पाण्यापेक्षा जड असतं, ते खाली जातं आणि त्याच्या जागी कोमट पाणी येऊन बर्फाला भिडतं. खारट पाण्यात वितळलेलं पाणी थंड असलं तरी त्यात मीठ नसतं, म्हणून ते हलकं. ते बर्फाभोवतीच थांबतं आणि कोमट पाण्याला जवळ येऊ देत नाही. बर्फावर कोरडं मीठ टाकलं की तो वितळतो हेही खरं, पण तिथे मिठाने गोठणबिंदू खाली येतो. ती गोष्ट वेगळी. सुरुवातीला मिठावर पैज लावणारी मुलं वेडी नव्हती, हेही मी आवर्जून सांगते.

याला सलग दोन तास गेले आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाठ्यपुस्तकात उष्णतेच्या अभिसरणाला, म्हणजे पाण्याच्या अशा वरखाली फिरण्याने उष्णता पोचण्याला, पानभर जागा आहे. माझी सहकारी तो भाग अर्ध्या तासात व्यवस्थित समजावते आणि तिची मुलं व्याख्या माझ्या मुलांपेक्षा चांगली लिहितात. हा हिशेब लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना ही पद्धत हवी आहे त्यांनी तो आधी मांडावा, मग पालकांपुढे जावं.

आता तोंड मिटण्याविषयी. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गातल्या संवादाच्या शेकडो ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि मूल बोलून झाल्यावरही तेवढंच. हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. त्यातही मुलाचं उत्तर झाल्यानंतरचे तीन सेकंद जास्त कठीण, कारण ‘शाब्बास’ ओठांवर आलेलं असतं. आणि शाब्बास म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच संपतो. उत्तर सापडलंय हे त्यांना कळतं. मी शाब्बासऐवजी ‘बरं, आणखी कोण?’ म्हणायची सवय लावून घेतली. एका पालकांनी तक्रारही केली होती, की बाई कौतुक करत नाहीत.

म्हणजे गप्प बसायचंय ते नेमक्या जागी. सगळीकडे गप्प बसणाऱ्या शिक्षकाचा वर्ग भरकटतो, आणि हे फक्त माझं मत नाही. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली यावर चांगलाच घणाघात केला: नवख्या विद्यार्थ्याला अगदी कमी मार्गदर्शन देऊन शिकवणं चालत नाही, त्याच्या डोक्यावर एकाच वेळी फार भार पडतो. पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर आलं, की शोधाधारित वर्गात मार्गदर्शन नसतं हे गृहीतच चूक आहे, तिथे आधार भरपूर असतो, फक्त वेगळ्या रूपात. २०११ साली १६४ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्षही याच अंगाने जातो: मुलांना नुसतं सोडून दिलं तर सरळ शिकवणं सरस ठरतं, आणि आधार देऊन शोध घ्यायला लावलं तर शोध सरस ठरतो. दोन्ही तटांच्या पत्रलेखकांनी यातला आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचललाय.

काही गोष्टी तर शोधायला देऊच नयेत. एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकी सारखे ठेवायचे, हा तपासणीचा कणा मुलं आपसूक शोधतील म्हणून वाट बघत बसणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या संशोधकांनी २००४ साली तिसरी-चौथीच्या मुलांवर नेमकं हेच तपासलं, आणि उदाहरणं देऊन सरळ शिकवलेल्या मुलांपैकी कितीतरी जास्त जणांना ते जमलं. माझा अनुभव तोच आहे. लंबकाचा पाठ घेते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत मी हे फळ्यावर शिकवते: दोरीची लांबी बदलताना वजन बदलू नका, वजन बदलताना लांबी बदलू नका, आणि लंबक दर वेळी सारख्याच, लहानशा कोनातून सोडा. मग म्हणते, आता सांगा, झोक्याचा वेळ कशावर ठरतो. वजनावर ठरतो, असं सांगणारी मुलं या वेळीही बहुसंख्य असतात. वजन दुप्पट करून वेळ तोच आला, की घड्याळ बिघडलंय म्हणतात. घड्याळ बदलून देते. पुन्हा तोच वेळ. मग दोरीवर विश्वास बसतो.

या पाठात एक गंमत हमखास होते. वीस झोके मोजायचे असतात, आणि काही मुलं लंबक सोडतानाच ‘एक’ म्हणतात. ते वीस म्हणतात तेव्हा झोके झालेले असतात एकोणीस. त्यांचा वेळ दर वेळी थोडा कमी येतो आणि शेजारच्या गटाशी भांडण जुंपतं. हे भांडण मी सोडवत नाही. दोन्ही गटांना एकमेकांसमोर मोठ्याने मोजायला लावते, बस्स. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

इतर विषयांबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण गणिताच्या सरांचा एक तास खिडकीतून ऐकला तो सांगते. त्यांनी फळ्यावर १५ लिहिलं आणि खाली ७ + ८, ४ + ५ + ६, १ + २ + ३ + ४ + ५. मग विचारलं, लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कुठल्या संख्या मिळतात आणि कुठल्या मिळतच नाहीत? साहित्य शून्य. मुलं कामाला लागली आणि थोड्या वेळात हट्टी संख्या वेगळ्या पडल्या: १, २, ४, ८, १६. ‘पुढची ३२!’ म्हणून पोरं ओरडली, आणि ते बरोबरच होतं. पण सरांनी तिथे वाहवा न करता वर्तुळ काढलं. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोडा, आत जास्तीत जास्त किती तुकडे पडतात? एका बिंदूला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला? सगळा वर्ग ३२. मोजून आले ३१. मुलांनी पुन्हा पुन्हा मोजलं, एकाने तर वर्तुळच वाकडं आहे म्हणून सरांशी वाद घातला. नमुना दिसणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं, हे सांगणारं भाषण मी कॉलेजात ऐकलं होतं. त्याचा काही उपयोग झाल्याचं आठवत नाही.

इतिहासाच्या बाई मधल्या सुट्टीतल्या एकाच भांडणाचे चार साक्षीदारांनी लिहिलेले वृत्तांत वर्गात वाटतात आणि मगच ऐतिहासिक साधनांचा पाठ काढतात. एवढंच नोंदवते.

ही सगळी मंडळी उत्साही आहेत, तयारीची आहेत, आणि तरीही वर्षभरात असे थोडेच तास घेऊ शकतात. अशा वेळी वरून फर्मान येतं, की प्रत्येक पाठाच्या टाचणात ‘शोधाधारित कृती’ हा रकाना भरलेला हवा. रकाना भरला जातो. कसा, ते सगळ्यांना ठाऊक आहे: ‘विद्यार्थ्यांनी गटात चर्चा केली व निष्कर्ष काढले.’ एक अधिकारी वर्ग बघायला आले होते, तेव्हा माझी मुलं बर्फाच्या तासात तावातावाने वाद घालत होती. साहेबांचा शेरा आला, की वर्गनियंत्रण सुधारावे, आणि फलकलेखन आढळले नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका वर्गात मुलांनी आधी पाठ करून ठेवलेले ‘निष्कर्ष’ गटागटाने उभं राहून म्हणून दाखवले. तिथे ‘उत्तम’ मिळालं. मला शेऱ्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटतं, की शोध चालू असलेला वर्ग कसा दिसतो हेच बघायला येणाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. आवाज असतो. अर्धी मुलं चुकीचं बोलत असतात. शिक्षक एका कोपऱ्यात एका गटाशी वाकून बोलत असतो आणि फळा बराच वेळ कोरा असतो. तपासणाऱ्याने दहा मिनिटं बघून जायचं ठरवलं, तर त्याला यातलं काहीच कळणार नाही.

आणखी एक. मोकळीक किती द्यायची याच्याही पायऱ्या असतात, आणि त्या नव्या नाहीत. जोसेफ श्वाब या शिक्षणतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात त्या मांडल्या होत्या: पहिली, प्रश्न आणि रीत दिलेली, उत्तर मुलांनी काढायचं; दुसरी, प्रश्न दिलेला, रीत आणि उत्तर दोन्ही मुलांचं; आणि तिसरी, प्रश्नही मुलांचाच. प्रदर्शनांत, भाषणांत सगळ्यांना एकदम तिसरी पायरी हवी असते. सहावीतल्या मुलाला ‘तुला वाटेल तो प्रश्न घे’ म्हटलं की तो इंटरनेटवरून ज्वालामुखीची प्रतिकृती आणतो, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढून दाखवतो, आणि त्यात शोधायचं काय होतं हे त्याला किंवा मला कुणालाच सांगता येत नाही. माझं बहुतेक काम पहिल्या दोन पायऱ्यांवर चालतं. तिसऱ्यावर मुलं कधी कधी स्वतःहून चढतात, साखरेचं पाणी करून बघू या म्हणणाऱ्यासारखी. तेव्हा त्यांना अडवू नये.

तर मागण्या काय? वर्षात प्रत्येक विषयाचे तीन-चार पाठ शिक्षकालाच निवडू द्या आणि त्यांच्यासाठी सलग दोन तासिका वेळापत्रकात ठेवा. त्या बदल्यात अभ्यासक्रमातलं काहीतरी गाळायला परवानगी द्या. वेळ कुठून तरी काढावाच लागणार आहे, तो शिक्षकाच्या उत्साहातून निघत नाही. टाचणातला तो रकाना काढून टाका. प्रशिक्षणात तंत्रांची नावं आणि स्लाइड दाखवण्याऐवजी शिक्षकांच्या हातात बर्फ आणि मीठ द्या, त्यांनाही अंदाज पेनने लिहायला लावा.

पण यातलं काही झालं नाही तरी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि तिला पैसे, वेळ, परवानगी काहीच लागत नाही. प्रश्नपत्रिका. परीक्षेत ‘अभिसरण म्हणजे काय?’ एवढंच येणार असेल, तर हुशार मूल आणि शहाणा पालक दोघेही माझ्या बर्फाच्या तीन तासांना वेळेचा अपव्यय म्हणणार, आणि त्यांचं चुकत नाही. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं, हे शिक्षकांच्या खोलीत सगळे कबूल करतात. म्हणून प्रत्येक पेपरात एकच प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर गाइडमध्ये छापता येणार नाही.

नमुना देते. मी तो घटक चाचणीत घालते, पाच गुणांना. ‘एका गटाने वेगवेगळ्या लांबीच्या लंबकांचे वीस झोके मोजले. लांबी २५ सेंटिमीटर असताना वेळ २० सेकंद आला, ५० ला २८ सेकंद, ७५ ला ३३ सेकंद आणि १०० ला ४० सेकंद. यातल्या कोणत्या नोंदीवर तुम्हाला शंका येते आणि का? त्या गटाने काय चूक केली असू शकेल? ती चूक झाली होती की नाही, हे कसं तपासाल?’

लांबी सारख्या टप्प्याने वाढत असताना वेळेतली वाढ ८, मग ५, मग ७ सेकंद अशी वरखाली होते. ती खरं तर एकसारखी कमी होत जायला हवी. ७५ ला ३५ च्या आसपास वेळ यायला हवा. ज्यांनी लंबक सोडताना ‘एक’ म्हणून भांडण केलेलं असतं, ती मुलं या प्रश्नाला बघून हसतात आणि भराभर लिहायला लागतात. कुणी लिहितं, घड्याळ उशिरा सुरू केलं असेल; कुणी लिहितं, दोरी नीट मोजली नसेल. तपासायची रीत सांगितली असेल तर यातल्या प्रत्येक उत्तराला मी गुण देते. गुणदानाच्या कागदावर एकच ‘अपेक्षित उत्तर’ लिहून मागतात, तिथे मी रीतीसाठी तीन आणि कारणासाठी दोन गुण अशी विभागणी लिहून देते. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. परीक्षा मंडळांनी पेपर काढणाऱ्यांना एवढी एक सूचना दिली तर बघा.

कळावे,
आपली,
एक विज्ञान शिक्षिका